‘दिल्लीचा जांभळा नीलमणि’ : एका आख्यायिकेची छाननी

लंडन येथील नॅचरल हिस्टरी म्यूझियमच्या संग्रहांत एक जांभळा मणि आहे. त्याचें इंग्रजी नांव मराठींत आणल्यास तें ‘दिल्लीचा जांभळा नीलमणि’ असें होईल. या नांवांतील ‘जांभळा’ हा एकच शब्द खरा आहे. मणि नीलमणि नव्हे, तो साधा जमुनिया म्हणजे जांभळा स्फटिक आहे. आणि त्याच्यासंबंधीं जी हकीकत सांगतात ती दिल्लीची नसून कानपूरची आहे. इ. स. १८५७ च्या धामधुमींत कानपूरच्या इंद्रमंदिराच्या खजिन्यांतून हा मणि लुटून विलायतेस नेला, आणि तेव्हांपासून ज्याच्या ज्याच्या हातीं तो गेला त्याचा त्याचा घात झाला, अशी ती हकीकत. कानपूर आणि सत्तावन साल हीं नांवें ज्या गोष्टींत येतात ती महाराष्ट्रांतील इतिहासभक्तांस परकी वाटणें शक्य नाहीं. बिठूरच्या वाड्यांतील दौलत कोठें गेली हा प्रश्न ज्यांच्या मनांत आहे, त्यांस तर अशा गोष्टीवर विश्वास ठेवण्याचा मोह सहज होतो. म्हणूनच, आपल्याकडील बखरी ज्या रीतीनें तपासल्या जातात त्याच रीतीनें या मण्याचा कागद तपासून पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मण्याच्या जातीविषयीं. जमुनिया हा स्फटिकाचाच एक भेद होय. स्फटिकांत लोहाचा अल्पसा अंश असला आणि खडकांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाचा त्यावर दीर्घकाळ परिणाम झाला, म्हणजे हा जांभळा रंग येतो. तोच खडा चांगला तापविला तर जांभळा रंग जाऊन पिवळा येतो, आणि बाजारांत पिवळा म्हणून विकले जाणारे पुष्कळ खडे असे तापविलेले जमुनियेच असतात. नीलमणि मुळांतच निराळा; तो माणकाचा सख्खा भाऊ. काठिण्याच्या मापांत नीलमण्याचा अंक ९ आहे, जमुनियाचा ७. पाण्याच्या तुलनेनें नीलमणि चौपट जड, तर जमुनिया पावणेतीनपटीहूनही थोडा कमी. एखाद्या हुशार जवाहिऱ्यास दोहोंतील भेद कळण्यास फार वेळ लागत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आमच्या रत्नशास्त्रांत जमुनियाला कोणतें नांव आहे, असें आम्हांस अनेकदां विचारलें जातें. निश्चित असें नांव नाहीं, हें त्याचें उत्तर. कौटिल्याच्या कोशप्रवेश्य रत्नपरीक्षेंत मण्यांच्या हलक्या जातींची एक लांबलचक यादी आहे. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत बावीस रत्नें मोजलीं आहेत. बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, अगस्तिमत आणि गरुडपुराणांतील रत्नाध्याय यांतही नांवांची वाण नाहीं. त्यांतील सौगंधिक, पुलक, राजमणि अशा नांवांवर कोणी ना कोणी जमुनियाचा आरोप केलेला आढळतो. पण रंगाचें वर्णन सैल, आणि प्रत्यक्ष खडा समोर नाहीं, अशा स्थितींत असा आरोप म्हणजे तर्कच. नवरत्नांत त्याला जागा नाहीं. अमरकोशांत त्याला शब्द नाहीं. उत्तरेकडील जवाहिरे त्याला कटैला किंवा जमुनिया म्हणतात, फारसी रत्नग्रंथांत तो जमस्त या नांवानें येतो, आणि आमच्याकडे जमुनिया हेंच नांव बाजारांत रुळलें आहे.

शास्त्रांत नांव नसलें तरी खडा मात्र देशांत होता. तक्षशिलेच्या उत्खननांत जमुनियाचे मणी निघाले आहेत, आणि तामिळनाडूंतील कोडुमणल येथें तर इतर स्फटिकांबरोबर जमुनियाचे मणी घडविण्याचा उद्योगच चालत होता. आमच्या दख्खनच्या काळ्या खडकांतील पोकळ्यांतही पांढऱ्या स्फटिकाबरोबर कधीं कधीं जांभळ्या स्फटिकाचे गुच्छ सांपडतात. विहीर खणणारांस ते ठाऊक असतात. रोमन पंडित प्लिनी यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रत्नांवर जो ग्रंथभाग लिहिला, त्यांत जांभळ्या रत्नांमध्यें पहिला मान हिंदुस्थानच्या खड्यास दिला आहे. येथील शास्त्रकारांनीं ज्याला धड नांवही ठेविलें नाहीं तो खडा रोमेंत अव्वल ठरावा, हें मोठें गमतीचें आहे. याचें कारण आमच्या मतें असें कीं, ज्या देशांत माणिक आणि नीलमणि जवळच मिळत, त्या देशाच्या परीक्षकांस स्फटिकाच्या रंगाचें कौतुक वाटण्याचें कारण नव्हतें.

ग्रीकांनीं दिलेलें नांव मात्र संस्कृतज्ञांनीं मुद्दाम पाहावें असें आहे. ‘अमेथिस्ट’ या शब्दांतील आरंभींचा ‘अ’ हा आपल्या नञाचा सोदर, आणि ‘मेथू’ म्हणजे मद्य हा शब्द आपल्या ‘मधु’ शब्दाचा. ज्यामुळें मद्य चढत नाहीं तो, असा त्याचा अर्थ लोक करीत, आणि या खड्याची अंगठी घातली किंवा त्याच्या पेल्यांतून पान केलें तर नशा येत नाहीं असा समज त्यावरून पसरला. क्लिओपात्रेच्या नांवावर सांगितलेल्या एका अंगठीवर एक जुना ग्रीक श्लोक आहे. त्या अंगठीच्या जमुनियावर मद्याची देवता कोरलेली होती, आणि नशेनें स्वतः शुद्धीवर राहावें लागणें हा त्या श्लोकांतील विनोद आहे. प्लिनीस मात्र हें सर्व मान्य नव्हतें. रंग मद्याच्या अगदीं जवळ जातो आणि मद्य होण्याआधींच जांभळ्याकडे वळतो म्हणून हें नांव पडलें, असें तो एक कारण देतो, आणि नशा उतरविण्याच्या गोष्टीस मांत्रिकांची थाप म्हणून बाजूस सारतो. त्याच मांत्रिकांनीं या खड्यावर सूर्यचंद्रांचीं नांवें कोरून तो वानराच्या केंसांत किंवा पाकोळीच्या पिसांत बांधला असतां करणी बाधत नाहीं असेंही सांगितलें होतें. त्याची नोंद प्लिनी थट्टेनेंच करतो. दोन हजार वर्षांपूर्वींचा हा मनुष्य इतका सावध होता, हें पुढील मजकूर वाचतांना विसरूं नये.

कारण यापुढची गोष्ट सावधपणाची नाहीं. जमुनियाच्या कोणत्याही लोकप्रिय पुस्तकांत एक ‘ग्रीक पुराणकथा’ हमखास असते. मद्यदेव बॅकस एका कुमारीच्या मागें लागला. तिनें वनदेवतेचा धांवा केला. देवतेनें तिचें शुभ्र पाषाणांत रूपांतर केलें. पश्चात्तापानें देवानें त्यावर मद्य ओतलें आणि पाषाण जांभळा झाला. ही कथा होमरांत नाहीं, ओव्हिडांत नाहीं, प्राचीन कोणत्याच ग्रंथांत नाहीं. रेमी बेलो नांवाच्या फ्रेंच कवीनें इ. स. १५७६ मध्यें रत्नांवर एक काव्य प्रसिद्ध केलें, त्यांत त्यानें ती रचली. कवीस असें करण्याचा अधिकार आहे. कालिदासानेंही जुन्या कथांत फेरफार केलेच. दोष नंतरच्या उतारे करणारांचा. त्यांनीं कवीचें नांव गाळून त्या जागीं ‘प्राचीन ग्रीक’ असा शिक्का मारला, आणि साडेचारशें वर्षांची रचना अडीच हजार वर्षांची करून सोडली. एकाच रत्नावर असे दोन प्रसंग आले आहेत. दुसरा आमच्या देशाच्या नांवावर झाला, म्हणून त्याकडे वळूं.

मण्याबरोबर जो कागद संग्रहालयांत आला तो एडवर्ड हेरॉन-ॲलन या गृहस्थाचा, आणि त्यावरील साल १९०४. कागदाचा मथितार्थ असा. बंगाल घोडदळांतील कर्नल डब्ल्यू. फेरिस यानें हा मणि विलायतेस आणला. पुढें त्याचें द्रव्य गेलें, प्रकृति गेली. मुलाचीही तीच गत झाली. मध्यंतरीं ज्या स्नेह्यानें तो थोडे दिवस बाळगला त्यानें आत्महत्या केली. इ. स. १८९० मध्यें मणि हेरॉन-ॲलनकडे आला आणि त्याच्यावरही संकटें कोसळूं लागलीं. तेव्हां त्यानें हेडन नांवाच्या जुन्या इंग्रज ज्योतिष्याची म्हणून सांगितलेली दुतोंड्या सर्पाची अंगठी मण्याभोंवतीं बसविली, राशिचिन्हांच्या चकत्या जोडल्या, आणि मिसर देशांतील हातासू राणीच्या काळच्या म्हणून सांगितलेल्या दोन जमुनियाच्या भुंगेऱ्यांमध्यें तो जखडून टाकला. त्यानंतर कांहीं वर्षें मणि शांत राहिला. मात्र घरांतील ग्रंथालयाच्या कोपऱ्यांत एक हिंदु योगी उकिडवा बसून हातांनीं जमीन उकरीत मणि शोधतो आहे असें मालकास आणि त्याच्या पाहुण्यांस वारंवार दिसे. १९०२ नंतर हा मणि दोन स्नेह्यांनीं मागून घेतला. एकावर सर्व प्रकारची आपत्ति आली; दुसरी व्यक्ति गायक होती, तिचा आवाज कायमचा बसला. मध्यें एकदां मालकानें तो लंडनच्या रीजंट्स कालव्यांत फेंकला, तर तीन महिन्यांनीं गाळ उपसणाऱ्या माणसाकडून एका व्यापाऱ्यानें विकत घेऊन तो परत आणून दिला. शेवटीं नुकत्याच जन्मलेल्या मुलीस बाधा होईल या भीतीनें त्यानें तो एकांत एक अशा सात पेट्यांत घालून पेढीवर ठेविला, आपल्या मरणानंतर तेहतीस वर्षेंपर्यंत तो उजेडांत आणूं नये असें लिहून ठेविलें, आणि पुढें जो कोणी उघडील त्यानें तो समुद्रांत टाकावा असा सल्ला दिला.

हेरॉन-ॲलन १९४३ मध्यें वारला. तेहतीस वर्षांचा हिशेब १९७६ पर्यंत जातो. मुलीनें १९४४ मध्येंच, वर्ष होतें न होतें तोंच, मणि आणि कागद दोन्ही संग्रहालयाच्या स्वाधीन केलीं. ज्या मुलीच्या रक्षणासाठीं हा सारा बंदोबस्त झाला, तिनें त्याची कितपत पर्वा केली हें यावरून दिसतें.

आतां कागदाची परीक्षा. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर हें अस्सल पत्र नव्हे, ही बखर आहे. कानपूरच्या प्रसंगानंतर सत्तेचाळीस वर्षांनीं, जो तेथें नव्हता अशा माणसानें, ऐकीव माहितीवर लिहिलेला हा मजकूर आहे. मणि लुटला त्या वेळची यादी नाहीं, विक्रीची पावती नाहीं, फेरिसचें स्वतःचें पत्र नाहीं. १८९० पूर्वींचें जें जें सांगितलें आहे तें सर्व एका तोंडचें. तेवढ्यावरून कागद टाकून देतां येत नाहीं, कारण बखरींतही खरें असतें. पण बखरींतील खरें निवडण्यासाठीं बाहेरचा पुरावा लागतो. तो येथें काय म्हणतो?

कानपूर हें पुरातन क्षेत्र नव्हे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंपनीची छावणी तेथें पडली, इ. स. १८०१ च्या तहानें तो मुलूख अयोध्येच्या नबाबाकडून कंपनीस मिळाला, आणि त्यानंतर छावणीच्या व व्यापाराच्या जोरावर तें शहर वाढलें. क्षेत्र म्हणावयाचें तर तें जवळचें बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त. आणि तेथील देवता ब्रह्मा व शिव. अशा नव्या छावणीच्या गांवांत रत्नांनीं भरलेलें इंद्राचें मंदिर कोठून आलें? इंद्राविषयीं तर याहून मोठी अडचण आहे. ऋग्वेदांत ज्याची स्तुति सर्वांत अधिक, तो देव पुराणकाळीं पूजेंतून जवळजवळ उतरला. पूर्वेचा दिक्पाल म्हणून त्याची मूर्ति देवळाच्या भिंतीवर येते. ध्वजाच्या रूपानें त्याचा उत्सव होत असे. गोवर्धनाच्या कथेंत तर त्याच्या पूजेचा मोडच वर्णिला आहे. विष्णूचें, शिवाचें, देवीचें, मारुतीचें देऊळ सांगितलें असतें तर आम्ही थांबून विचार केला असता. एकोणिसाव्या शतकांत भांडारासह नांदणारें इंद्राचें स्वतंत्र देवालय हें ज्यानें हिंदु धर्म पुस्तकांतून, तोही वेदांच्या भाषांतरांतून, जाणला त्याच्याच लेखणींतून उतरूं शकतें.

योग्याचेंही तसेंच. आमच्या पुराणांत इंद्र आणि तपस्वी यांचें सख्य कधींच नव्हतें. कोणी तप करूं लागला कीं इंद्राचें आसन डळमळतें आणि तो अप्सरा धाडतो; शाळेंतील मुलांसही हें ठाऊक असतें. अशा देवाच्या खजिन्यासाठीं एखादा योगी सात समुद्र ओलांडून लंडनच्या ग्रंथालयांत जमीन उकरीत बसेल, हें आमच्या पुराणिकांस सुचलें नसतें.

घोडदळाविषयीं एक गोष्ट नोंदवावी. १८५७ मध्यें कानपुरास बंगाल घोडदळाचा जो दुसरा रिसाला होता, त्यानेंच ४ जूनच्या रात्रीं प्रथम उठाव केला. १७ जुलैस हॅवलॉकचें सैन्य शहरांत शिरलें आणि पुढें लूट झाली, हें सर्व प्रसिद्धच आहे. त्या गडबडींत बंगाल घोडदळांतील कोणी अधिकारी तेथें असणें अशक्य नाहीं, आणि त्याच्या हातीं एखादा जांभळा खडा लागणेंही अशक्य नाहीं. एवढी शक्यता आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. पण शक्यता आणि घटना यांत अंतर आहे.

मण्याच्या कोंदणांत तर हिंदुस्थानचें कांहींच नाहीं. राशिचिन्हें युरोपीय, सर्पमुद्रिका इंग्रज ज्योतिष्याची, भुंगेरे मिसरी. त्यांतही हातासू म्हणजे हातशेप्सुत राणीचें नांव शंका उत्पन्न करतें. मिसरांत जमुनियाचा बहराचा काळ त्या राणीपूर्वीं कित्येक शतकें होऊन गेला. आस्वानच्या दक्षिणेकडील वाडी-एल-हूदीच्या खाणी मध्य राजवटीच्या राजांनीं चालविल्या, तेथें त्यांचे शिलालेख आहेत, आणि जमुनियाचे भुंगेरे मुख्यतः त्या काळचे. पुढच्या राजवटीच्या थडग्यांत जुना भुंगेरा येऊं शकतो, हें खरें. पण ज्याला प्रत्येक वस्तूस मोठें नांव लावल्यावांचून चैन पडत नाहीं अशा संग्राहकाची संवय येथें स्पष्ट दिसते. असे संग्राहक आमच्याकडेही आहेत. त्यांच्या घरची प्रत्येक तलवार थोरल्या महाराजांच्या वेळची असते.

आतां ‘नीलमणि’ या नांवाचा विचार करूं. हेरॉन-ॲलन हा अडाणी मनुष्य नव्हता. तो धंद्यानें वकील, परंतु व्हायोलिन घडविण्याच्या कलेवर त्याचा ग्रंथ प्रमाण मानला जातो. हस्तसामुद्रिकावर त्यानें पुस्तकें लिहिलीं. फारसी शिकून उमर खय्यामच्या रुबायांच्या ऑक्सफर्ड येथील जुन्या हस्तलिखिताची प्रतिकृति भाषांतरासह १८९८ मध्यें प्रसिद्ध केली. आणि समुद्रांतील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांवरील संशोधनासाठीं १९१९ मध्यें रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेतलें. सूक्ष्मदर्शकाखालीं वाळूच्या कणाएवढें कवच ओळखणारास स्फटिक आणि नीलमणि यांतील भेद कळला नसेल, हें संभवत नाहीं. मग नीलमणि कां म्हटलें? आमच्या मतें याचें उत्तर हिंदुस्थानच्या लोकसमजुतींत आहे. नीलम हा शनीचा खडा. तो लाभला तर राज्य देतो, बाधला तर घर बसवितो, अशी त्याची ख्याति. धारण करण्यापूर्वीं तो उशाखालीं ठेवून स्वप्नें कशीं पडतात तें पाहण्याची चाल अजून आहे. ज्याला नीलम परवडत नाहीं तो शनीसाठीं उपरत्न म्हणून जमुनिया घालतो. जमुनियाची स्वतःची ख्याति सर्व देशांत सौम्य : ग्रीकांस तो शुद्धीवर ठेवतो, ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या अंगठींत तो संयमाची खूण म्हणून बसतो. घातकीपणा आहे तो नीलमाचा. तेव्हां ज्यास भयकथा रचावयाची होती त्यास खडा जमुनियाचा असला तरी नांव नीलमाचेंच हवें होतें. हा आमचा तर्क आहे.

‘रचावयाची होती’ असें आम्हीं म्हटलें, त्यास आधार आहे. १९२१ मध्यें ख्रिस्तोफर ब्लेअर या टोपणनांवानें एक कथासंग्रह लंडनांत प्रसिद्ध झाला. संग्रहाचें नांव त्यांतील ‘जांभळा नीलमणि’ या कथेवरून ठेविलेलें आहे, आणि ब्लेअर म्हणजे दुसरा तिसरा कोणी नसून स्वतः हेरॉन-ॲलन. कागद आधींचा आणि कथा नंतरची, कीं कथेस वजन यावें म्हणून कागद सजविला, याचा निर्णय कागदावरील सालानें होत नाहीं. कारण त्या सालास साक्षी तो कागदच. शिवाय नमुना तयार होता. विल्की कॉलिन्सची ‘मूनस्टोन’ ही कादंबरी १८६८ ची. तींत सोमनाथाच्या मूर्तीचा हिरा १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणच्या लुटींत इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं जातो आणि त्याबरोबर अनर्थ येतो. मंदिर, लूट, लष्करी अधिकारी, मागावर असलेले हिंदु, घराण्याचा नाश : हेरॉन-ॲलनच्या कागदांत यापैकीं कोणता घटक नवा आहे?

संग्रहालयाच्याच एका शास्त्रज्ञानें अलीकडे हा मणि हेरॉन-ॲलनच्या चाहत्यांच्या सभेस नेला, तेव्हां वाटेंत भयंकर वादळ झालें, असें वर्तमानपत्रांतून मोठ्या चवीनें छापून आलें. विलायतेंत पाऊस पडण्यास इंद्राचा कोप लागतो, हें आम्हांस नवीनच कळलें. २००७ मध्यें उघडलेल्या रत्नदालनांत मणि मांडल्यापासून तर या गोष्टीस आणखीच पाय फुटले.

शापाविषयीं आमच्याकडील रीत मुळींच अशी नाहीं. रत्नशास्त्रांत खडा बाधतो तो त्याच्या अंगच्या दोषानें : रेषा, बिंदु, काकपद, भेग. परीक्षकास दोष दिसतो आणि तो सांगतो. मण्याच्या पोटांत कोणाचा सूड बसलेला नसतो. देवस्वाच्या अपहाराबद्दल शाप आहे, आणि तो भयंकर आहे. पण तो उघड लिहिलेला असतो. ताम्रपटाच्या शेवटीं दान हरण करणारास किती वर्षें कोणती योनि मिळेल तें स्पष्ट सांगितलेलें असतें. शिलाहार व यादव काळच्या गधेगाळांवर तर अक्षरशत्रूसही कळावें म्हणून शापाचें चित्रच कोरलें आहे. दान कोणतें, दाता कोण, अपराध कोणता, शिक्षा कोणती, हें सर्व दगडावर, दिवसाढवळ्या. कानपूरच्या मण्यास असा कोणताही लेख नाहीं. त्याचा शाप लंडनांत लिहिला गेला.

या छाननीचें प्रयोजन केवळ एका विलायती कथेची गंमत करणें हें नाहीं. हिंदुस्थानांतून गेलेल्या वस्तूंच्या याद्या आतां ठिकठिकाणीं होत आहेत, आणि त्या वस्तु परत मागण्याची भाषाही मोठ्यानें बोलली जाते. ती भाषा रास्त आहे. पण अशा यादींत पुराव्याची वस्तु आणि कादंबरीची वस्तु शेजारीं बसली कीं प्रतिपक्षाचा वकील कादंबरीच्याच वस्तूवर बोट ठेवतो. पुराव्याची वस्तु कशी असते तें पाहावयाचें असेल तर नाशिकचा हिरा घ्यावा. दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरांतून १८१८ मध्यें तो इंग्रजांच्या हातीं पडला, दक्षिणच्या लुटीच्या मालांत मोजला गेला, लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीनें तो घेतला, १८३७ मध्यें लिलावांत निघाला, आणि १९४० मध्यें अमेरिकेंत पुन्हां पैलू पाडून तो ४३.३८ कॅरटांचा केला गेला. त्र्यंबकेश्वराच्या संबंधांतील भाग परंपरेचा म्हणून वेगळा ठेवला, तरी बाजीरावापासून पुढची साखळी कागदोपत्रीं आहे. या हिऱ्यास भूत लागत नाहीं, आणि त्यामुळेंच कीं काय, त्याच्याविषयीं आमच्या लोकांस त्या जांभळ्या खड्याएवढेंही कुतूहल नाहीं.

बिठूरचेंही असेंच. जुलै १८५७ मध्यें तेथील वाडा जाळला गेला. डिसेंबरांत होप ग्रँटच्या सैन्यानें तेथील देऊळ उडवून दिलें आणि विहिरीचें पाणी उपसून तिच्या तळाशीं लपविलेली सोन्यारुप्याची चीजवस्तु वर काढली. हें इंग्रज अधिकाऱ्यांनींच लिहून ठेविलें आहे. ती उपसण्याची मेहनत कित्येक दिवस चालली होती. खरी लूट ती. तिच्यासाठीं इंद्रमंदिर कल्पिण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिला तो कर्नल फेरिस. कंपनीच्या लष्कराच्या याद्या दरवर्षीं छापल्या जात आणि त्यांत प्रत्येक अधिकाऱ्याची पलटण, हुद्दा व नेमणूक दिलेली असे. ज्या वाचकांस त्या पाहण्याची सोय आहे त्यांनीं १८५६ ते १८६० या सालांतील बंगाल घोडदळाचीं पानें मुद्दाम पाहावींत. तसेंच ज्यांच्या दप्तरांत बाजीरावसाहेबांच्या किंवा नानासाहेबांच्या बिठूर येथील जवाहिरखान्याची एखादी मोडी यादी असेल, त्यांनीं तींत ‘जमुनिया’, ‘कटैला’ किंवा ‘जांभळा खडा’ असा शब्द येतो काय तें पाहून मूळ कागदाच्या नकलेसह आम्हांस कळवावें. तो कागद, आकारानें केवढाही असो, आम्ही आनंदानें छापूं.